किंग साईज गादी आणि दहा बाय दहाची खोली: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नवीन फ्लॅटचा ताबा, लग्नसराई किंवा दिवाळीची खरेदी जवळ आली की गादी कशी घ्यावी याचा एक मेसेज हमखास फिरायला लागतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, भिशीच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्याही. त्यात म्हटलेलं असतं ते असं: खोलीत मावेल ती सगळ्यात मोठी गादी घ्या. दहा बाय दहाच्या खोलीत किंग साईज आरामात बसते. किंगचं माप सगळीकडे एकच, तेव्हा डोळे झाकून ऑनलाइन मागवा. गादी जितकी जाड तितकी पाठीला चांगली. घरात लहान मूल असेल तर किंगला पर्यायच नाही. आणि पैशाचा फरक तर किरकोळ.

हे वाचून सोलापुरात लोक गाद्या घेतात आणि मग पुढची दहा वर्षं खोलीत आडवे होऊन चालतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दहा बाय दहात किंग आरामात बसते

टेप घेऊन हिशेब करू. दहा फूट म्हणजे 120 इंच. प्लास्टर धरून आतलं माप इंच-दोन इंच कमीच भरतं, ते सध्या सोडून देऊ. आपल्याकडची किंग गादी 72 इंच रुंद आणि 78 इंच लांब. पलंगाची चौकट चहूबाजूंनी दोन-दोन इंच धरा, पलंग झाला 76 बाय 82. म्हणजे रुंदीत उरले 44 इंच आणि पायथ्याशी 38.

आता कपाट. साधं कपडे टांगायचं कपाट 24 इंच खोल असतं. ते पायथ्याशी ठेवलं तर समोर 14 इंच राहतात आणि दीड फुटाचा पल्ला उघडतच नाही. बाजूच्या भिंतीला लावलं, पलंग दुसऱ्या भिंतीला चिकटवला, तरी मध्ये 20 इंच. पल्ला उघडतो, पण उघडल्यावर माणसाने उभं कुठे राहायचं? शिवाय भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून.

त्याच खोलीत क्वीन, म्हणजे पाच फुटी गादी टाका. पलंग 64 इंचांचा, उरले 56. कपाट वजा जाता 32 इंच. कपाट नीट उघडतं, समोर उभं राहून साडीची घडी घालता येते, झाडू पलंगाच्या कडेने सरळ फिरतो. ही 12 इंच रोज वापरात येतात.

आणि सगळ्या खोल्या दहा बाय दहाच्याही नसतात. राष्ट्रीय इमारत संहितेत दोन खोल्यांच्या घरातल्या दुसऱ्या खोलीची किमान रुंदी 2.1 मीटर दिली आहे, म्हणजे जेमतेम 83 इंच. तिथे 82 इंचांचा पलंग आडवा टाकला की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसता पलंगच.

हे मला जास्त लागतं ते आपल्या गावाकडे बघून. सोलापूरजवळ कुंभारीत रे नगर ही कामगारांची वसाहत आहे. तिथे जानेवारी 2024 मध्ये 15 हजार घरं कामगारांच्या हवाली झाली: विडी कामगार, यंत्रमाग कामगार, रिक्षाचालक. त्या वेळी पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराला 30 चौरस मीटरपर्यंतचं चटईक्षेत्र धरलेलं होतं, म्हणजे सुमारे 323 चौरस फूट. किंगचा पलंग एकटा 43 चौरस फूट खातो. घराचा सातवा-आठवा हिस्सा एका वस्तूने अडवला, तोही दिवसा बिनकामाचा.

अशा घरात खोली नुसती झोपायची नसते. दुपारी तिथे विडी वळणारी बाई भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, हातात कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा. शेजारी मुलगी वही घेऊन पालथी पडलेली असते. कुणाच्या घरी तिथेच शिवणयंत्र असतं आणि गणवेशाच्या कापडाचे गठ्ठे. या माणसांना ‘मावेल ती सगळ्यात मोठी गादी घ्या’ सांगणं म्हणजे त्यांची कामाची जमीन काढून घेणं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ही खोली पाहिलेली नाही.

अशा घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: तीन बाय सहाच्या दोन सुट्या गाद्या. शेजारी शेजारी टाकल्या की 72 बाय 72, म्हणजे किंगएवढी रुंदी मिळते. सकाळी एकावर एक ठेवल्या की भिंतीकडेला बसायला दिवाण आणि बाकी फरशी मोकळी. एकाला कडक गादी हवी, दुसऱ्याला मऊ, तेही जमतं. आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या पुढे गेला, रात्री भिंती तापलेल्या असल्या की यातली एक खांद्यावर टाकून गच्चीवर नेता येते. सहा फुटी फोमची गादी गच्चीवर नेऊन दाखवा.

किंगचं माप सगळीकडे एकच

हे तर सरळ चूक. अमेरिकेतली किंग 76 बाय 80 इंच. ब्रिटनमधली किंग 150 बाय 200 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास आपली क्वीन. आपल्याकडेच किंगच्या नावाखाली 72 बाय 72, 72 बाय 75 आणि 72 बाय 78 अशी तीन मापं विकली जातात. आपले सुतार पलंग करतात तो बहुधा ‘सहा बाय सव्वासहा’ किंवा ‘पाच बाय सव्वासहा’. सव्वासहा म्हणजे 75 इंच. त्यात 78ची गादी मागवलीत तर ती मधोमध फुगते, 72ची मागवलीत तर डोक्याकडे तीन इंचांची खाच राहते आणि उशी रात्रभर त्यात घसरते. नावावर जाऊ नका, इंचात बोला.

लांबीचा हिशेब सोपा आहे. घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या उंचीत चार ते सहा इंच मिळवा. पाच फूट आठ इंचांच्या माणसाला 72 चालते, सहा फुटी माणसाला 78 लागते.

जितकी जाड तितकी चांगली

पाठीला आधार मिळतो तो गादी किती दबते त्यावर. चांगली घट्ट भरलेली पाच-सहा इंची गादी बऱ्याच जणांना पुरते. दहा इंची गादी सतरा-अठरा इंचांच्या बॉक्स पलंगावर टाकली की झोपायची जागा सव्वादोन फुटांवर गेली. आजी काठावर बसली तर तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि रात्री अंधारात उतरताना पडण्याची भीती तिलाच जास्त.

चादरीचंही बघा, आपण चादरींच्या गावचे आहोत. डबल बेडची चादर साधारण 90 बाय 100 इंचांची मिळते. 72 इंची गादी आठ इंच जाड असेल तर दोन्ही बाजू धरून 88 इंच लागतात. खाली खोचायला एका बाजूला एक इंच. दहा इंच जाडीला 92 लागतात, म्हणजे चादर पुरतच नाही. रोज सकाळी गोळा झालेली चादर ओढत बसणाऱ्या बाईला हा हिशेब सांगायला नको. मेसेजवाल्यांना सांगावा लागतो.

मूल असेल तर किंगच

यात अर्धं खरं आहे. आईबाप आणि चार वर्षांचं मूल 60 इंचांत झोपले तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 इंच, कुणाचीच झोप होत नाही. खोली बारा बाय बारा असेल आणि कपाट भिंतीत असेल तर जरूर किंग घ्या. खोली लहान असेल तर पाच फुटीला अडीच फुटी एकेरी गादी खाली जोडा, मूल मोठं झालं की तीच त्याची. मात्र तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला सपाट आणि टणक जागा लागते, मऊ जाड गादी नको. आणि पलंग भिंतीला चिकटवला असेल तर गादी आणि भिंत यांच्यात फट राहू देऊ नका. बाळ त्यात अडकू शकतं, हा धोका खरा आहे.

पैशाचा फरक किरकोळ

गादीच्या किमतीत कदाचित. पण मोठ्या गादीबरोबर मोठा पलंग, मोठं कव्हर, मोठ्या चादरी येतात. घर बदलताना तर खरी परीक्षा. जुन्या पेठांतले जिने अडीच-तीन फुटांचे, वर वळण. गुंडाळून आलेली फोमची गादी एकदा उघडली की घरच्या घरी तशी पुन्हा गुंडाळता येत नाही, आणि सहा फुटी स्प्रिंगची गादी त्या वळणावर अडकते. मग दोर लावून गॅलरीतून उतरवा.

आणि पाच फूट मोठी पडते, चार फूट अपुरी, असं असेल तर दुकानातल्या मापांवर अडून राहायचं कारण नाही. गादी कारखान्यात साडेचार फुटी कापसाची गादी भरून मिळते, पुढे दबली की पिंजून पुन्हा भरताही येते. जाताना पलंगाचं आतलं माप डोक्याकडे, मध्ये आणि पायथ्याशी असं तीन ठिकाणी घ्या. तिन्हीत फरक आला तर सगळ्यात लहान आकडा सांगा, आणि गादीवाल्याला तो तुमच्यासमोर इंचात लिहून घ्यायला लावा.