काचा वर घ्या, एसी चालू आहे

मामांच्या गाडीला एसी आहे, हे आमच्या तमाम नातेवाइकांना ठाऊक आहे. तो गार करतो का, हे फक्त त्या गाडीतून आलेल्यांना ठाऊक असतं, आणि ते आल्या आल्या आधी पाणी मागतात.

गाडी १९८०च्या दशकातली. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण मामा हे वाचणार आहेत. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सलग, इंजिन जेमतेम चाळीस घोड्यांचं. जन्मतः तिला एसी नव्हता. तो नंतर एका गॅरेजवाल्याने बसवला. म्हणजे डॅशबोर्डखाली एक काळा डबा लटकवला. डब्याचा कोपरा पुढे बसणाऱ्याच्या बरोबर गुडघ्यावर येतो. मामींचे गुडघे दुखतात म्हणून त्या मागे बसतात. माझे त्या गाडीत बसल्यावर दुखायला लागतात.

मे महिन्यात पुण्याला लग्न होतं. ठाण्यातून निघताना मामांनी सगळ्या काचा वर घ्यायला लावल्या आणि खटका दाबला. इंजिनचा आवाज खोल गेला, गाडी एकदा शहारली, आणि जाळीतून वारा आला. नुसता वारा.

"मामा, उकडतंय."

या वाक्यावर मामांकडे एकच उतारा आहे, इतिहास.

"अरे, १९४० सालच्या पॅकार्ड या अमेरिकन गाडीत बसला असतास म्हणजे कळलं असतं! कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली गाडी. त्याचे २७४ डॉलर वेगळे मोजायचे. आणि एसीचा गॅस दाबणारा कंप्रेसर थांबवायला बटण नाही हं! फार गार झालं की इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि कंप्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा."

'फार गार झालं की' हे शब्द ऐकून मागे मामींनी मोठा सुस्कारा सोडला.

पनवेलच्या आसपास डब्यातून पाणी टपकायला लागलं, थेट माझ्या लग्नासाठी घेतलेल्या बुटावर. मामा खूश. हवेतलं बाष्प गार कॉइलवर जमतंय, म्हणजे कॉइल गार आहे, म्हणजे एसी चालतोय. तर्कात खोट काढता येईना. "पॅकार्डची कॉइल मागे डिकीकडे असायची. पाणी लोकांच्या मानेवर पडायचं. तुझ्या नुसतं पायावर पडतंय."

"अहो, त्यापेक्षा काच खाली करा," मामी म्हणाल्या.

"गार हवा बाहेर जाईल!"

मामी लग्नपत्रिकेने वारा घेऊ लागल्या. दोन वर्षांपूर्वी गॅस भरलेल्या त्या यंत्रापेक्षा पत्रिकेचं कूलिंग बरं होतं. गॅसचीही एक कहाणी आहेच. मूळचा आर-१२ ओझोनच्या थराला घातक म्हणून जगभर बंद झाला. त्या जागी नवा भरायचा तर जुनं तेल त्याच्यात मिसळत नाही, सील बदलावे लागतात, आणि इतकं करून मेकॅनिक म्हणतो, "साहेब, पहिल्यासारखं नाही मारणार." पहिलं कसं मारायचं ते आम्ही कुणीच पाहिलेलं नाही.

मामांना आता अमेरिकेतून खिडकीला टांगायचा जुना कूलर मागवायचाय. पत्र्याचं नळकांडं, आत पाणी आणि ओला भुसा. गाडी धावली की वारा त्यातून गार होऊन आत येतो. भुसा वाळला की दोरी ओढून पुन्हा भिजवायचा. ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात तो छान चालायचा म्हणे. अकोल्यातही चालेल. पनवेलच्या दमट हवेत मात्र आम्ही मोदकांसारखे वाफवून निघू. आणि दोरी कोण ओढणार, हे मला विचारावंही लागलं नाही.

खोपोली मागे पडली, घाट लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला. तो आधी वारा तापवतो, मग तोच तापलेला वारा रेडिएटरला मिळतो. शिवाय कंप्रेसर चाळीसातले काही घोडे स्वतःकडे वळवतो. म्हणजे चढ आला की आपण गार व्हायचं की पुण्याला पोचायचं, एवढंच ठरवायचं असतं. मामांनी एसी बंद केला. काच मात्र वरच, कारण आत 'साठलेली' गार हवा.

काटा तरीही खाली येईना. तेव्हा मामांनी, मे महिन्यात, भर दुपारी, हीटर लावला.

"हीटरमध्ये इंजिनचंच गरम पाणी फिरतं," ते शांतपणे म्हणाले. "इंजिनची उष्णता आत ओढून घेतो."

"आत म्हणजे कुठे?" मामी.

काटा उतरला, हे कबूल करायला हवं. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी हळू झाली, नाणं टाकायला काच उघडायची परवानगी मिळाली. सुटे पैसे शोधायला मी शक्य तेवढा वेळ लावला. मामींनीही त्यांच्या बाजूची काच उघडून पर्स उपसायला घेतली.

"नॅश या अमेरिकन कंपनीने १९५४ मध्ये हीटर आणि एसी दोन्ही पुढेच, एकत्र बसवले," मामा सांगत होते. "३४५ डॉलर." आम्हा दोघांनाही अजून नाणं सापडलेलं नव्हतं.

कार्यालयाच्या दारात आम्ही काचा वर ठेवून उतरलो. नवरीचे काका कौतुकाने पुढे आले. "वा, एसी! आम्हाला परवा ठाण्यालाच जायचंय. एखादी जागा होईल का हो?"

मामा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझी घ्या ना, काका. पुढची आहे. पाय अगदी मोकळे राहतात."