सीओ अलार्मचे सेल काढून झोपू नका : त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घेतलाय. दिवाळीनंतर बायको आणि दोन मुलांना घेऊन किन्नौरमार्गे स्पितीला जायचंय. बोलता बोलता सहज म्हणाला, "ताई, तू दिलेला तो अलार्म लोणावळ्याला मध्यरात्री दोनदा वाजला. मग ग्रुपवरचा मेसेज आठवला, सेल काढून टाकले."

तो मेसेज मी मागवून घेतला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात असं म्हटलंय : कॅम्परमधला कार्बन मोनॉक्साइडचा (सीओचा) अलार्म १०० पैकी ९९ वेळा खोटा वाजतो, बॅटरी चार्ज होताना निघणाऱ्या गॅसमुळे. खरा विषारी गॅस असेल तर डोकं दुखेल, मळमळेल. तसं होत नसेल तर सेल काढा आणि निवांत झोपा. हा गॅस जड असतो, म्हणून मुलांना वरच्या बर्थवर झोपवा. खिडकी बोटभर उघडी असली की धोका शून्य.

मी मिशिगनमध्ये राहते. आमच्याकडे बरीच वर्षं जुना ट्रेलर आहे आणि हा अलार्म आम्हालाही मध्यरात्री उठवून गेलाय. त्रास काय असतो ते मला माहीत आहे. पण या मेसेजमधलं एक वाक्य माणसं मारू शकतं, म्हणून आधी तेच घेते.

"डोकं दुखत नसेल तर झोपा."

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. अमेरिकेत घरगुती आणि कॅम्परमधले सीओ अलार्म ज्या मानकावर तपासले जातात त्याचं नाव यूएल २०३४. ते काय सांगतं बघा. हवेत ७० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग, सीओ असेल तर अलार्म १ ते ४ तासांत वाजला पाहिजे. १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत. ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. हे आकडे कुणी अंदाजाने टाकलेले नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी १० टक्के सीओने अडवायच्या आत माणूस जागा झाला पाहिजे, या हिशेबाने ते ठरवलेत. म्हणजे अलार्म वाजतो त्या क्षणी धडधाकट माणसाला बहुधा काहीच होत नसतं. उपकरण नीट चाललंय याची ती खूण आहे, आणि मेसेज नेमकी तीच खूण अलार्म खोटा असल्याचा पुरावा म्हणून वापरतो.

त्याच मानकात आणखी एक अट आहे. ३० पीपीएमला अलार्मने ३० दिवस वाजायचंच नाही. उगाच कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून त्याला मुद्दाम इतका सोशिक बनवलाय. तरीही तो वाजला, तर त्याचं ऐका.

आणि डोकं दुखतंय का हे ठरवणार कोण? झोपलेला माणूस? डोकेदुखीने जाग येईलच याची खात्री नाही, आणि आली तरी विचार करायचा तो मेंदूच तोपर्यंत सुस्तावलेला असतो. त्यात माझा भाऊ निघालाय स्पितीला. तिथलं काझा गाव साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे. तिथे पहिल्या रात्री डोकं दुखलं, मळमळलं, तर सगळे म्हणणार, उंचीचा त्रास आहे, लसूण खा, पाणी पी, झोप. सीओची लक्षणं हुबेहूब तीच आहेत. वर विरळ हवेत शेगडी नीट जळत नाही आणि सीओ जास्त तयार होतो. जिथे लक्षणांवरून काहीच ओळखता येणार नाही तिथे लक्षणांवर विसंबायला सांगणारा हा सल्ला आहे. लहान मुलं, गरोदर बाई, हृदयाचा आजार असलेले आजोबा, यांना तर बाकीच्यांच्या आधी बाधतं.

हे फक्त अमेरिकेतल्या कॅम्परवाल्यांचं प्रकरण आहे असं समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात, कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून ते आत झोपले होते. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत तपासणी केली आणि जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता हे निष्पन्न झालं. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने आणि थंडीत खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीने माणसं जातात, तीही याच वायूने.

वरच्या बर्थचा मुद्दा दोन ओळींत संपतो. सीओचा रेणूभार २८, हवेचा सरासरी २९, म्हणजे तो हवेपेक्षा जड नाहीच. तो खाली बसत नाही, सगळीकडे मिसळतो. खाली साठतो तो एलपीजी, त्यातल्या प्रोपेनचा रेणूभार ४४. कॅम्परमध्ये बऱ्याचदा दोन्हींचा मिळून एकच अलार्म असतो आणि एलपीजीसाठी तो जमिनीलगत बसवतात. ते पाहून कुणीतरी हा शोध लावला असणार.

खिडकीचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्वयंपाक करताना खिडकी आणि छतावरचा पंखा उघडा हवाच. पण शेजारच्या गाडीचा जनरेटर तुमच्या खिडकीखाली धूर सोडत असेल तर तीच खिडकी विष आत घेते.

राहिला बॅटरीचा गॅस. इथे मला मान्य करावं लागतंय, कारण हे खरं आहे. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि बहुतेक सीओ अलार्ममधला सेन्सर हायड्रोजनलाही सीओ समजतो. आमच्या ट्रेलरमध्ये एकदा हेच निघालं होतं. एकत्र अलार्म असेल तर त्याचा एलपीजीचा भाग डिओ किंवा हेअर स्प्रेनेही वाजतो. आणि दर मिनिटाला एखादी 'चिक्' ऐकू येते तो तर गॅसचा अलार्म नसतोच. सेल उतरलेत किंवा सेन्सरचं आयुष्य संपलंय, एवढंच तो सांगत असतो. मागे छापलेली तारीख बघा. गॅसचा इशारा म्हणजे चार बीप, जरा थांबून पुन्हा चार बीप.

पण अलार्म वाजण्याइतका हायड्रोजन गाडीत जमणं ही निवांत झोपायची गोष्ट आहे का? हवेत ४ टक्के झाला की तो ठिणगीने पेटतो. बॅटरी इतका गॅस सोडतेय म्हणजे ती जादा चार्ज होतेय किंवा आतून खराब झालीय. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर हायड्रोजन सल्फाइडही निघतोय, आणि तोही विषारी. आणि मुख्य म्हणजे, रात्री दोन वाजता बर्थवर पडल्या पडल्या तुम्हाला कळणार कसं, की हा हायड्रोजन आहे आणि सीओ नाही?

म्हणून क्रम एकच. चार बीप ऐकू आले की सगळ्यांनी बाहेर. माणसं मोजा. जनरेटर, इंजिन, सिलिंडर बाहेरूनच बंद करा. कुणाला गरगरत असेल तर ११२ लावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच मिळेल. दारं-खिडक्या सताड उघडून गाडी पूर्ण हवेशीर होऊ द्या. कारण शोधायचं ते त्यानंतर, आणि ते सापडेपर्यंत आत झोपायचं नाही. हॉटेल घ्या, दुसऱ्याच्या तंबूत झोपा, शेकोटीपाशी बसून रात्र काढा.

भावाला मी फोनवरच सीटखालचं खोकं उघडायला लावलं. आत घरच्या इन्व्हर्टरची, पाणी टाकायची बॅटरी. खोक्याला हवा जायला भोक नाही, पाणी पार खाली गेलेलं, बाजू हाताला गरम. लोणावळ्याला त्याने रात्रभर हॉटेलच्या प्लगवर चार्जिंग लावलं होतं. म्हणजे त्या रात्री बहुधा हायड्रोजनच होता. पण झोपण्याआधी त्याच बंद गाडीत शेगडीवर दोनदा चहाही झाला होता, आणि सेल काढताना त्याने यातलं काहीच तपासलं नव्हतं.

काल त्याने बॅटरी बदलली, खोकं हवाबंद करून त्याची नळी गाडीबाहेर काढली आणि अलार्ममध्ये नवे सेल घातले. टेस्टचं बटण दाबून आवाज ऐकव म्हटलं. त्या बटणाने फक्त भोंगा तपासला जातो, सेन्सर नाही, हेही सांगितलं. त्याने दाबलं. चार बीप, थांबा, चार बीप. मागे भाची कान झाकून ओरडत होती, "आत्या, बास!"