रिबस लगेच गाजला नव्हता
स्कॉटिश रहस्यकथा लेखक इयन रँकिन यांना त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक, एडिंबराचा पोलीस इन्स्पेक्टर रिबस याच्यामुळे रातोरात यश मिळालं असं एका लेखात म्हटलंय, ते बरोबर नाही. पहिली रिबस कादंबरी ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ १९८७ची. खरं नाव झालं ते दहा वर्षांनी, आठव्या ‘ब्लॅक अँड ब्लू’ला गोल्ड डॅगर हा ब्रिटनमधला गुन्हेकथांचा मोठा पुरस्कार मिळाल्यावर. नव्या वाचकांनी तिथूनच सुरुवात करावी. पहिली अजून चाचपडत लिहिलेली वाटते. पण त्यापुढे क्रम मोडू नका. रिबस खऱ्या काळाबरोबर म्हातारा होत जातो. त्यामुळेच २००७च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये तो साठीला येऊन निवृत्त होतो, आणि २०१२मध्ये परततो तेव्हा जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांवर साधा नागरी कर्मचारी म्हणून. मधली पुस्तकं गाळलीत तर त्याची कनिष्ठ पोलीस सहकारी शिवॉन क्लार्क हिच्याशी त्याचं बदलत गेलेलं नातं कळणारच नाही.