सत्काराला वहिनी नाही म्हणाल्या

"शाल, श्रीफळ, सन्मानपत्र आणि वर पाच मिनिटं मनोगत. वहिनी, तुम्ही फक्त यायचं," दिनू म्हणाला.

वैजूवहिनी गल्ल्याशी बसून कोणाची तरी तूरडाळ मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही."

इंदूरच्या रामबागेतल्या नानाच्या किराणा दुकानाचा ओटला, वेळ संध्याकाळची, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक कमी आणि आम्ही जास्त. मंडळाचा ५ सप्टेंबरचा, शिक्षकदिनाचा सत्कार ही दिनूची कल्पना. दिनू भंवरकुआंला, म्हणजे कोचिंगवाल्यांच्या भागात, एका कोचिंगवाल्यासाठी पोरं गोळा करतो. कार्डावर मात्र 'करिअर मार्गदर्शक' छापलंय. दर गुरुपौर्णिमेला पहाटे साडेपाचला त्याचा 'गुरुर ब्रम्हा' सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडतो. शाळेत संस्कृतच्या तासाला हा खिडकीतून पळायचा, हे त्याच्या पोरांना अजून माहीत नाही.

"असं नी चालत वहिनी! शिक्षक म्हणजे राष्ट्राचा शिल्पकार! समाज घडवलाय तुम्ही!"

"घडवलाय ना? मग आता माझी परीक्षा कसली घेऊन राहिलेत?"

सुप्रीम कोर्टाचं ते टीईटीचं, म्हणजे शिक्षकांच्या पात्रता परीक्षेचं आल्यापासून हा विषय आम्ही ओटल्यावर जपूनच काढतो. अप्पांना जपणं ठाऊक नाही. बँकेत जन्म गेला, कागद दिसला की वाचायचा आणि वाचलं की सांगायचं. "निकाल स्पष्ट आहे. १ सप्टेंबर २०२५. नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली असेल, तर दोन वर्षांत पास व्हायचं. यात चूक काय? पोरांची परीक्षा घेता, मग स्वतः द्यायला कसली लाज?"

"लाज नाही अप्पा, हसू येतं." वहिनींनी पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिली. "१९९७ साली मानपूरच्या पुढच्या फळियात, म्हणजे पाड्यावर, मी पोरं घेऊन बसले, तेव्हा सरकारने काय विचारलं? आदिवासी वस्ती आहे, किलोमीटरच्या आत शाळा नाही, पंचवीस पोरं आहेत, शिकवायला बाई तयार आहे. झालं. महिना पाचशे रुपये. स्वस्तात पाहिजे होतं, तेव्हा पात्रता नाही दिसली. पुढे संविदात, म्हणजे कंत्राटी शिक्षकांत घेताना परीक्षा घेतली, तीही दिली. आता पन्नाशीला पुन्हा. देईन की. पण परीक्षा घेणाऱ्यांनी आणि शाल घालणाऱ्यांनी आधी आपसांत ठरवा, मी आहे कोण ते."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. हरले की ते तेवढंच करतात.

"पण मी म्हणतो, माणूस घडवतो कोण?" दिनूची गाडी रुळावरून उतरत नाही. "शिक्षकच ना? नानाला विचारा!"

नानाला विचारायला नको होतं.

"मला घडवलं," नाना म्हणाला. "नववीत. गणिताचे सर म्हणाले, गधड्या, तुझ्याच्याने हे होणार नाही, तू वाण्याच्या दुकानात पुड्या बांध."

"बघा! गुरूची वाणी खरी झाली!" दिनू टाळी द्यायला हात पुढे करून बसला. कोणी दिली नाही.

तेवढ्यात एक बाई यादी घेऊन आल्या: साखर, पोहे, शेंगदाणे, साबण, असे आठ-नऊ जिन्नस, त्यातले दोन अर्ध्या किलोचे आणि एक पावशेर. नानाने सगळं काढून ठेवलं आणि कॅल्क्युलेटरला हात न लावता रक्कम सांगितली. बाईंनी मोबाइलवर बेरीज करून पाहिली. बरोबर होती. याच नानाला गणितात काढला होता. सियागंजच्या घाऊक बाजारातून माल आणताना अजूनही तो त्या शाळेच्या गल्लीने येत नाही, मागून वळसा घालून येतो. शिक्षकांच्या सत्कारात हा असला हिशोबही कधी तरी वाचून दाखवावा, असं मला वाटतं. पण मी बोललो नाही, कारण नाना स्वतःच विषय बदलून दिनूकडे उधारी मागायला लागला होता.

उधारीचं नाव निघताच दिनूला इंदूरचा अभिमान आठवला. "भिया, या शहराचं नाव कोणी काढलं? चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांनी! बेंद्रे त्यांचे, हुसेन त्यांचा, डी. जे. जोशी त्यांचे!"

"१९२७ ची चित्रशाळा," अप्पा सावरले.

"आणखी कोण होतं त्या वर्गात?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे?"

"हुसेनच्या शेजारी पाटावर कोण बसायचं? कोणी ड्रॉइंग मास्तर झाला असेल, कोणी दुकानाच्या पाट्या रंगवल्या असतील. त्यांना शिकवताना मास्तरांनी कमी शिकवलं होतं का? तुम्ही देवळालीकरांचंही भंवरकुआंचं होर्डिंग करून टाकलं दिनूभाऊ. वर दोन टॉपरचे फोटो, खाली फीसाठी संपर्क."

इथे मीही माझं ज्ञान पाजळलं: बेंद्रे इंदुरात जन्मले, देवळालीकरांकडे शिकले आणि मग १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याला शिकवत राहिले, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख त्यांच्या हाताखालून गेले, म्हणजे इंदूरच्या एका वर्गाचं पाणी थेट बडोद्यापर्यंत पोहोचलं. पुढे विष्णू चिंचाळकरांवरही बोलणार होतो, ज्यांना अख्खं गाव गुरुजी म्हणायचं आणि जे पोरांना काडीकचऱ्यात चित्र बघायला शिकवायचे. पण कचोऱ्या आल्या, आणि गरम कचोरीपुढे चिंचाळकरसुद्धा थांबले असते.

कचोरी खाताना अप्पा पुन्हा कायद्यावर आले. "शिक्षकांना शिकवू द्यायची सोय आहे हो. २००९ चा कायदा, कलम २७. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, एवढ्या तीनच बाहेरच्या कामांना लावता येतं."

"तीनच!" वहिनी हसल्या. "तीनच दारं ठेवलीत, पण बैलगाडी जाईल एवढी."

मग त्यांनी जे सांगितलं ते भाषणात येणार नाही. चौथीतला एक पोरगा, आईबाप कापणीला कुठे कुठे जातात, हा अर्धं वर्ष गायब. उसन्याची वजाबाकी त्याला काही केल्या येत नव्हती. त्या दिवशी फळ्याशी उभा होता. ५२ वजा १७. दोनातून सात जात नाहीत इथवर आला, पाचाकडून एक उसना घेतला, बारातून सात गेले पाच, असं लिहिलंसुद्धा. आणि फोन आला: मतदारयादीची माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा. शाळेत रेंज हातपंपाच्या चौथऱ्यावरच मिळते. सकाळी हजेरीचा फोटोही तिथूनच जातो, बायका हंडे बाजूला करून जागा देतात. वहिनी परत आल्या तेव्हा फळ्यावर उत्तर होतं ४५.

"पाचाचे चार करायचे विसरला," अप्पा म्हणाले.

"विसरला नाही. मी शेजारी असते तर मी फक्त पाचावर बोट ठेवलं असतं. एवढंच काम असतं अप्पा, त्या क्षणाला बोट ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. आता आला की पुन्हा दोनातून सात." मग दिनूकडे बघून, "उसनं घेतलेलं वजा करायचं राहून जातं, हे काही चौथीतच होतं असं नाही म्हणा."

नाना एवढा मोठ्याने हसला की समोरच्या गच्चीवरून कोणी तरी डोकावलं.

दिनूने मुकाट्याने खिशातून घडी काढली. "बरं, येऊ नका. पण सन्मानपत्राचा मजकूर तरी बघा. रात्री जागून लिहिलाय."

वहिनींनी पर्समधून लाल पेन काढलं. आम्ही सगळे वाकलो. "'कार्यकतृत्व' नाही, कर्तृत्व. 'विद्यार्थांच्या' नाही, विद्यार्थ्यांच्या. 'ज्ञानदिपक', दी दीर्घ. आणि हे काय, 'आपल्या कार्यास आमची भावपूर्ण श्रद्धांजली'? मी अजून आहे दिनूभाऊ." खाली गोल करून त्यांनी लिहिलं: १० पैकी ४.

"म्हणजे पास ना?" दिनूने विचारलं.

"पूर्वी आठवीपर्यंत वर ढकलायचे," अप्पा म्हणाले, "आता पाचवी आणि आठवीला पुन्हा अडवतात."

"आठवीला तर हा आमच्या वेळीही अडकला होता," नानाने लगेच जुनी फाईल उघडली.

दिनू एकदम उसळला. "तुझ्यामुळे! शेजारी बसून पेपर नाही दाखवलास!"

"खोटं बोलू नको. गणिताचा अख्खा दाखवला होता."

"मग? म्हणूनच तर नापास झालो!"

अप्पांना असा ठसका लागला की कचोरीचा शेव त्यांच्या चष्म्यावर उडाला, आणि वहिनींनी त्या लाल पेनाने चाराचे पाच केले.