मनोरा दिसतो, चॅनेल दिसत नाही

वरळीचा दूरदर्शनचा मनोरा आमच्या लालबागच्या खिडकीतून दिसतो. मधे लोअर परळच्या काचेच्या इमारती उगवल्यात, त्यामुळे फटीतून दिसतो, पण दिसतो. ३०० मीटर उंच आहे तो, लपणार कुठे? सरळ रेषेत अंतर ३ किलोमीटरच्या आसपास. तिथून निघालेला डिजिटल सिग्नल रात्रंदिवस माझ्या काचेवर येऊन आदळतोय. फुकट. वर्गणी नाही, रिचार्ज नाही, ओटीपी नाही. आणि तो काचेपासून टीव्हीपर्यंत आत यावा म्हणून मी ज्याच्या ज्याच्याकडे गेलो, त्या प्रत्येकाने मला हसून विचारलं, "काका, आता अँटेना कोण लावतं?"

मी लावतो! मला लावायचाय! काय म्हणणं आहे?

कारणही सांगतो, म्हणजे "मोबाइलवर बघा ना" हा सल्ला तरी वाचेल. कारण आहे क्रिकेट. २००७ चा एक कायदा आहे. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने दाखवण्याचे हक्क कुठल्याही खासगी कंपनीने घेतले, तरी तिने तो सिग्नल प्रसार भारतीला द्यायचाच. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही दूरदर्शनवर सामना दिसावा. उत्तम. मग खासगी कंपन्यांनी भांडण काढलं, की दूरदर्शनचं चॅनेल केबलवाल्यालाही सक्तीने दाखवावं लागतं, म्हणजे आमचा महागडा सामना तो फुकटात वाटणार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये निकाल लागला : हा सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरूनच, म्हणजे छत्रीवर फुकट दिसणाऱ्या उपग्रह सेवेवरूनच, दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण परिणाम असा, की मी केबलच्या डब्यावर दूरदर्शन लावतो आणि ऐन सामन्याच्या वेळी तिथे भलताच कार्यक्रम चालू असतो. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "सर, तुम्ही स्पोर्ट्सचं पॅक घ्या." हो, घेतो. तुझ्या पोराच्या फीचंही पॅक दे त्यातच.

फ्री डिश लावता आली असती, पण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला. मुंबईतून तो आग्नेयेला दिसतो आणि माझ्या घराला सगळ्या खिडक्या पश्चिमेच्या. आग्नेयेला आमच्याकडे लिफ्टची भिंत आहे. म्हणजे उरला कोण? समोर उभा असलेला वरळीचा मनोरा. सोप्पं आहे की नाही?

आता टीव्ही. दोन वर्षांपूर्वी भला मोठा स्मार्ट टीव्ही घेतला. दुकानातल्या पोराला विचारलं होतं, "डिजिटल ट्यूनर आहे ना?" तो म्हणाला, "सर, फुल्ल डिजिटल आहे, फोर-के आहे, आवाजावर चालतो." मागे अँटेनाचं भोकसुद्धा आहे. मेनूत "अँटेना" असा पर्यायही आहे. तो निवडला, शोध सुरू केला, निळी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि खाली लिहून येतं : चॅनेल शून्य. का? कारण आत ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, आहे तो जुन्या अॅनालॉग प्रक्षेपणाचा आणि केबलचा. आता देशभरातले बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर २०२१-२२ च्या सुमाराला दूरदर्शनने बंद करून टाकले, मोक्याच्या जागचे थोडे सोडून. म्हणजे जे प्रक्षेपण गेलं त्याचा ट्यूनर दिलाय आणि जे हवेत आहे त्याचा, डीव्हीबी-टी-टू या डिजिटल पद्धतीचा, नाही! याच कंपनीचे युरोपात विकले जाणारे संच तपशीलवार पत्रकात बघा, तिथे टी-टू ठसठशीत लिहिलेलं असतं. अमेरिकेत तर १ मार्च २००७ पासून डिजिटल ट्यूनर नसलेला टीव्ही बनवून पाठवायलाच बंदी आली. आमच्याकडे काय, वाय-फायचा पासवर्ड दे, ईमेल दे, जन्मतारीख दे, मग तो टीव्ही तुला पहिल्याच पानावर साबणाची जाहिरात दाखवतो. याला स्मार्ट म्हणायचं.

मग वेगळा डबा आणायचा. त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्यावर मुंबईला हवं ते सगळं मिळतं ही माझी लहानपणापासूनची श्रद्धा. पहिल्या दुकानात गेलो, म्हटलं, "टी-टूचा सेट टॉप बॉक्स हवाय." त्याने फ्री डिशचा डबा पुढे ठेवला. म्हटलं, "हा एस-टू आहे, उपग्रहाचा. मला टी-टू हवाय, जमिनीवरच्या टॉवरचा." तो म्हणतो, "एकही बात है साब, छतरी लगाओ, सब आएगा." छत्री लावता आली असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो? पुढच्या दुकानात मला अँड्रॉइडचा डबा दाखवला. त्याच्या पुढच्याने टी-टू असं म्हटल्यावर ट्वेंटी-ट्वेंटीचा स्कोअर सांगितला, आईशप्पथ. एका म्हाताऱ्या शेटजींना मात्र कळलं. ते माझ्याकडे बघून खूश झाले, जुन्या काड्यांच्या अँटेनांच्या धंद्याच्या गोष्टी सांगितल्या, चहा पाजला आणि म्हणाले, "माल नहीं आता अब, कोई पूछता नहीं." बघा! कोणी विचारत नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून कोणी विचारत नाही.

आणि लोक विचारणार तरी कसे? २५ फेब्रुवारी २०१६ ला देशातल्या १६ शहरांत टॉवरवरची ही टी-टू सेवा सुरू झाली, महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद. पाच चॅनेल, एकाच लहरीवर, स्वच्छ. मोबाइलला छोटा डोंगल लावून चालत्या गाडीतही बघता येईल असं तेव्हा सांगितलं गेलं. तो डोंगल तुम्ही कुणाच्या हातात पाहिलाय? आमच्या मजल्यावर विचारून बघा, दहापैकी दहा जण सांगतील की दूरदर्शन म्हणजे केबलवर अमुक नंबरला असतं ते. हवेतून येतं हेच विसरले लोक. याच मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला केंद्र सुरू झालं तेव्हा अख्खी चाळ एका घरात बसायची, आणि ते काय नळातून यायचं का? आता म्हणे पुढचं पाऊल, इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर प्रक्षेपण. बंगळुरूत, दिल्लीत चाचण्या झाल्या. होऊ देत. पण आधीची पायरी माझ्या दारात पोचली नाही त्याचं काय?

असो. डबा शेवटी ऑनलाइन मिळाला, बिनानावाचा, चिनी बनावटीचा. सोबत अँटेना शोधायला गेलो तर तिथे वेगळाच बाजार. "फोर-के अँटेना, रेंज २०० मैल." अहो, अँटेनाला काय कळतंय तुमचं फोर-के आहे का कृष्णधवल? ती धातूची काडी आहे. आणि २०० मैलांवर पृथ्वीच वळते, टॉवर क्षितिजाखाली जातो, तिथून सिग्नल काय बोगद्यातून येणार? वर बूस्टर फुकट. मला टॉवर डोळ्यांनी दिसतोय, त्याला बूस्टर लावणं म्हणजे कानाशी ओरडणाऱ्याच्या हातात भोंगा देणं. डब्याचा ट्यूनर गुदमरतो आणि आहे तेही जातं. हे कुणी सांगत नाही, उलट खाली पाच-पाच तारे देऊन लोक लिहितात, "नाइस प्रॉडक्ट, अजून वापरलं नाही."

मी काहीच घेतलं नाही. घरातल्या जाड केबलचं टोक सोललं, वितभर नाही, तेरा-चौदा सेंटिमीटर, या लहरींना तेवढं पुरतं, आणि तार खिडकीच्या गजाला बांधली. शोध लावला. आले! सह्याद्री आलं, राष्ट्रीय आलं, खेळांचं आलं. चित्र असं, की केबलवाल्याने बघितलं तर तोंड लपवेल. बायकोसुद्धा म्हणाली, "अगंबाई, हे तर छान दिसतंय."

आणि मग लिफ्ट चालू झाली.

पूर्वी बरं होतं. सिग्नल कमी झाला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, मागच्या इमारतीवरून परावर्तन आलं तर फलंदाजाला सावली दिसायची, पण खेळ दिसायचा. सहा फलंदाज का असेनात, चेंडू कुठे गेला ते कळायचं. डिजिटलचं तसं नाही. एक तर लखलखीत, नाही तर काहीच नाही. मधली अवस्था म्हणजे हिरवे-जांभळे चौकोन, गोलंदाजाचा हात एकीकडे, मुंडकं दुसरीकडे, आवाज "आऊ—" आणि काळोख. आऊट की नॉट आऊट? पुढच्या षटकात कळतं. आमच्या लिफ्टची मोटर सुरू होताना जो विजेचा खरखराट उडवते तो थेट माझ्या उघड्या तारेत शिरतो. जिन्यातले सोसायटीने घाऊक भावात आणलेले एलईडी दिवे, त्यांचाही हातभार. यावर उपाय शाळेतल्या पोरालाही सांगता येईल : तार त्या गोंधळापासून दूर न्या, गच्चीवर एक साधा अँटेना लावा, तिथून चांगली आरजी-६ केबल खाली आणा. दीड फुटाची अॅल्युमिनियमची काडी. वजन पाव किलो.

आणि इथे आमची सोसायटी उभी राहिली.

अर्ज केला. सेक्रेटरी म्हणाले, "गच्चीला कुलूप असतं." माहीत आहे, म्हणूनच अर्ज केला. मग म्हणाले, "इमारतीचं सौंदर्य बिघडतं." कुठलं सौंदर्य? चौथ्या मजल्यावर कबुतरांची जाळी लोंबतेय ते? मग म्हणाले, "वीज पडली तर?" मग म्हणाले, "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील." अहो, हीच तर गंमत, कोणी मागणार नाही, आत्ताच तुम्ही मला विचारलंत ना अँटेना कोण लावतं म्हणून! खजिनदारांनी कळवळून सल्ला दिला की त्यांच्या ओळखीचा केबलवाला आहे, सवलत देईल. त्याच्या वायरी डक्टमधून, जिन्यातून, माझ्या दाराच्या चौकटीवरून लोंबतायत, त्यांना मात्र कुठल्याही अर्जाची गरज लागलेली नाही.

आणि त्याच गच्चीवर काय आहे? मोबाइल कंपनीचा टॉवर. पुरुषभर उंचीचे पत्र्याचे डबे, बॅटरीची खोली, रात्रभर घुंई करणारा पंखा. त्याने सौंदर्य बिघडत नाही, कारण त्याचं भाडं येतं. त्याच्यावर वीज पडत नाही, कारण करार झालाय. माझी काडी पाव किलोची, तिचं भाडं शून्य, म्हणून ती धोकादायक.

गेल्या सामन्याला मी काय केलं असेल? शेवटच्या षटकात वॉचमनला खाली पाठवून पाच मिनिटं लिफ्ट थांबवून ठेवली. सेक्रेटरींच्या सासूबाई तिसऱ्या मजल्यापर्यंत चालत गेल्या, त्याबद्दल मला लेखी नोटीस आलीय. अँटेनाच्या अर्जाला मात्र अजून लेखी उत्तर नाही.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. विषयपत्रिका आलीय. त्यात गच्चीवर आणखी एका मोबाइल कंपनीला जागा देण्याचा ठराव आहे आणि "सदस्यांच्या इतर सूचना" सगळ्यात शेवटी, वडे आल्यानंतर. मी विरोधात मत देणार, नावासकट, फ्लॅट नंबरसकट, आणि ते इतिवृत्तात लिहून होईपर्यंत खाली बसणार नाही. वडे खाणार. ते मेंटेनन्समधूनच येतात.