जाड की बारीक?

परवा संध्याकाळी मी भर गल्लीत बेंबीच्या देठापासून ओरडले, "स्वमग्न आहे तो!" आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. गिरणी थांबली, माझा आवाज थांबला नाही. समोरच्या दुकानात शेंगाचटणी घेणारा माणूस वळला, सायकलवरच्या पोरानं पाय टेकला आणि वरच्या मजल्यावरच्या बाई हातात ओला टॉवेल धरून गॅलरीतून वाकल्या. डॉक्टरांनी दार लावून हळू आवाजात सांगितलेलं माझ्या मुलाचं निदान, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, मी अख्ख्या पेठेला एका दमात कळवून टाकलं.

दोष काकांचा. काकांचं नाव मला ठाऊक नाही. सरकारी खात्यातून निवृत्त, हे मात्र पहिल्या मिनिटात कळलं, कारण ते त्यांनीच सांगितलं. माझ्यापुढे गव्हाचा डबा घेऊन नंबरला उभे होते आणि मागे वळून माझ्या चिरंजिवांकडे बघत होते. चिरंजीव नऊ वर्षांचे. कानावर नारिंगी रंगाचे कानबंद. कारखान्यात खडखडाटात काम करणारे लोक लावतात तसले.

"हेडफोन!" काका गिरणीच्या वर आवाज काढून म्हणाले. "एवढ्याशा पोराला हेडफोन! काय गाणं ऐकूलालंय का?"

"हेडफोन नाहीत काका! आवाज बंद करायचे आहेत!"

"काय?"

"आवाजाचा त्रास होतो त्याला!"

"मग गिरणीत कशाला आणलं?"

हा प्रश्न रास्त होता, हे मान्य करायला हवं. उत्तर असं की गिरणीचा आवाज त्याला सोसत नाही आणि गिरणीचा पट्टा त्याला सोडवत नाही. त्या पट्ट्याला एका जागी पत्र्याच्या कड्या मारून सांधा केलेला आहे. तो सांधा वर जातो, चाकावरून वळतो, खाली येतो आणि दरवेळी 'टक्' करतो. आमचं पोरगं त्या सांध्याबरोबर मान हलवत अर्धा तास उभं राहू शकतं, इतकं खुशीत की बघत राहावं. त्यामुळे आमच्या घरी ज्वारीचं पीठ कधी शिळं नसतं. मी थोडं थोडं दळते. पण हे सगळं ओरडून कसं सांगणार? म्हणून मी तो एक शब्द ओरडले.

मग अंधार, शांतता आणि आम्ही. दळण अर्ध्यावर, डबे उघडे, बाहेर एप्रिलचं सोलापूर. पळून जायची सोय नव्हती.

"पट्टा कधी?" चिरंजिवांनी विचारलं. तो हे पुढचा सगळा वेळ विचारत होता. प्रत्येक संवादानंतर एकदा आलं असं धरून चला.

"दिसत तर नाही तसा," काका म्हणाले. आता ओरडायची गरज नव्हती, पण त्यांना लय सापडली होती.

हे वाक्य मला किती लोकांनी ऐकवलंय ह्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. नवरा ठेवतो. नवऱ्याचा ह्या बाबतीतला स्वभाव माझ्यापेक्षा बरा आहे. तो उत्तरं तयार ठेवतो. "दिसत नाही तसा" ह्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "आज धुऊन आणलाय." एका लग्नात लांबच्या आत्याबाईंनी "लग्नाआधी पत्रिका नीट बघितली नव्हती का रे?" असं विचारलं, तेव्हा "बघितली होती की, छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, सगळे ह्याच्यातच उतरले" असं म्हणून तो मठ्ठ्याचा ग्लास घेऊन निघून गेला. शेजारच्या एका गृहस्थांना भीती होती की त्यांच्या मुलीला हे 'लागेल'. त्यांना तो म्हणाला, "हुशार माणसांनाच लागतं. तुमच्या घरी काळजी नको." ते गृहस्थ अजून ठरवतायत की हा दिलासा होता का. घरी आल्यावर आम्ही गुण देतो. ज्याचे कमी, त्यानं चहा करायचा. मी बहुतेक वेळा चहा करते, कारण मला उत्तर सुचतं ते जिना चढून वर आल्यावर.

काकांना मी नुसतं म्हणाले, "असं दिसण्यावर नसतं ते."

"मोबाईल. सगळं मोबाईल. तुम्ही आया मोबाईल देता आणि कामाला जाता. पोराला माया कोण करणार?"

आता इथे जरा थांबते, कारण हा मायेचा मुद्दा काकांचा नाही. तो फार लांबून आलाय. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं आणि लिहिता लिहिता आईबापांच्या कोरडेपणावरही बोट ठेवलं. पुढे त्याचं झालं 'फ्रीजसारखी थंड आई'. बर्नार्ड रिमलँड हा मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचा बाप होता; त्यानं १९६४ साली ते खोडून काढलं, की अहो, हे मेंदूच्या घडणीतून येतं, आईच्या कुशीतून नाही. तरी १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम नावाच्या गृहस्थांनी जाडजूड पुस्तक लिहून पुन्हा आईलाच उभं केलं. आता मला सांगा, ह्यातला एक जण तरी मे महिन्यात सोलापुरात राहिला होता का? पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना मला कुणी फ्रीज म्हणालं तर मी त्याला ओवाळीन. आमच्या घरातला खरा फ्रीज थंड राहत नाही, मी कुठून राहू?

काका तोवर पुढच्या कलमावर गेले होते. "लस दिली होती का?"

"दिली होती. सगळ्या."

"झालं!" त्यांनी डब्याच्या झाकणावर थाप मारली. "माझ्याकडे मेसेज आहे. डॉक्टरांचाच आहे."

मेसेज मला ठाऊक आहे. अँड्र्यू वेकफिल्ड नावाचे डॉक्टर, १९९८, 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक. बारा मुलं बघून लसीवर संशय घेणारा लेख. २०१० साली त्या नियतकालिकानं तो मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफिल्डचं डॉक्टरकीच्या यादीतून नाव काढलं गेलं. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, लसीचा संबंध काही सापडला नाही. पण आमच्याकडे बघा, रद्द झालेली पाचशेची नोट भाजीवाली घेत नाही. लंडनात रद्द झालेला कागद मात्र गल्लोगल्ली चालतो. मी हे काकांना सांगितलं. नोटेचं नव्हे, कागदाचं. काका म्हणाले, "ते लोक दाबूलालेत." कोण दाबतंय, हे विचारायला गेले असते तर ज्वारी आंबली असती.

मग उपचार सुरू झाले. वेखंड उगाळून जिभेवर. पोपटानं उष्टावलेला पेरू. "गुरुवारी अक्कलकोट धरा." अक्कलकोट आम्ही धरलेलंच आहे. चाळीसेक किलोमीटरवर, नवस-बिवस काही नाही. त्याला तिथला अन्नछत्राचा प्रसाद आवडतो आणि मला तिथं तासभर स्वयंपाक नसतो. पोपटाचं मी गांभीर्यानं ऐकून घेतलं. म्हटलं, "काका, पोपट बोलतो तेच तेच. हाही तेच तेच बोलतो. नक्की कुणी कुणाचं उष्टं खाल्लंय?" हे मला जिना न चढता जाग्यावर सुचलं, ह्याची कृपया नोंद व्हावी. काका हसले नाहीत. मागच्या तिखट-मसाल्याच्या डबेवाल्या बाई हसल्या.

ह्या बाई मला आवडल्या. त्यांनी पदरानं वारा घेत शांतपणे सगळं ऐकलं होतं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे नजरेला नजर देत नाही, आपल्याच नादात असतंय, हाक मारली तर ओ देत नाही, असंच ना?"

"साधारण तसंच, पण..."

"मग आमच्या ह्यांना पण तेच असंल. तीस वर्षं झाली."

ह्यावर शास्त्रशुद्ध उत्तर आहे. "थोडंफार सगळ्यांनाच असतं" हे खरं नाही. घुम्या नवऱ्याला काही सर्टिफिकेट मिळत नाही. पण त्या बाईंच्या चेहऱ्यावर कारण सापडल्याचं इतकं समाधान होतं की मी गप्प बसले.

काकांना हे विषयांतर खपलं नाही. त्यांनी हुकमाचं पान काढलं. "पण ही पोरं एका गोष्टीत लई हुशार असतात ना? पिक्चरमध्ये दाखवतात. तारीख सांगितली की वार सांगतात." आणि मी काही म्हणायच्या आत ते त्याच्यासमोर उकिडवे बसले. "बाळ, सव्वीस जानेवारी एकोणीसशे पन्नास. वार सांग."

चिरंजिवांनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "पट्टा कधी?"

"सोपं देऊ? पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस."

"पट्टा."

"सतरा गुणिले तेवीस?"

काकांचा चेहरा पडला. माझ्या पोराला स्वमग्नता आहे आणि वर चमत्कारही येत नाही, म्हणजे पैसे देऊन सर्कशीत बसावं आणि हत्तीच येऊ नये. मला तेव्हा खरंच राग आला. त्याला गणित येत नाही. बेरीज करताना तो बोटं मोजतो, मध्येच बोटांकडेच बघत बसतो. बहुतेक मुलांना असली अचाट देणगी नसते, आणि ती नसली म्हणून त्यांनी कुणाची माफी मागायची नसते. मी विचारलं, "काका, बरोबर उत्तर काय? सव्वीस जानेवारीचा वार?" काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मोबाईल काढला. रेंज नव्हती. (गुरुवार होता. मी घरी येऊन पाहिलं.)

एक सांगते. सल्ले द्यायला लोकांकडे इतका वेळ असतो, मग बाकीच्या वेळी जातो कुठे? आमच्या कॉलनीत मुलांचे वाढदिवस होतात. फुगे दिसतात, गाणी ऐकू येतात. रात्री कुणीतरी दार वाजवतं आणि कागदी प्लेटमध्ये केकचा तुकडा, वेफर्स आणि एक सामोसा देऊन जातं. "त्याला गर्दी आवडत नाही ना, म्हणून म्हटलं..." त्याला गर्दी आवडत नाही, हे खरंय. त्याला फुगे आवडतात. तो पाच मिनिटं आला असता, फुगा घेतला असता आणि परत आला असता. केक घरपोच येतो, आमंत्रण येत नाही. ह्यावर नवऱ्याकडेही उत्तर तयार नाही. तो सामोसा खातो.

आणि कागदावर म्हणाल तर सगळं आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात आम्ही नव्हतो. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात आम्ही आहोत. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची फूटपट्टी असते, प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. सत्तरच्या पुढे गेलं की तुम्ही आत. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी परीक्षेत पोराला जास्त मार्क पडावेत की कमी, हे आईला कळेना, अशी ती परीक्षा. प्रमाणपत्र मिळालं, कार्ड मिळालं. मग एका शाळेत ते कार्ड दाखवलं. मॅडमनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "पण दिसत तर नाही तसा."

तर लाईट.

दोन एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनी, म्हणे जगभर मोठमोठ्या इमारती आमच्यासाठी निळ्या दिव्यांनी उजळतात. आमच्या गिरणीत तेवढ्यात साधा पिवळा बल्ब लागला, तरी सगळ्यांनी "हां!" केलं. पट्टा फिरला. सांधा वर गेला, वळला, खाली आला. चिरंजिवांनी कानबंद नीट बसवले, दोन्ही हात पंख्यासारखे हलवले आणि हसायला लागले. काका काहीतरी बोलत होते. तोंड हलताना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मी मान डोलावत होते.

गिरणीवाले अण्णा काकांचा डबा उचलून काहीतरी विचारत होते. अण्णांबद्दल सांगायचं राहिलं. आम्ही आलो की ते पट्टा दिसेल अशा जागेवरचं पोतं सरकवतात, पोराला तिथं उभं करतात, हाताच्या खुणेनं "ह्याच्या पुढं नाही" अशी एक रेघ दाखवतात आणि आपल्या कामाला लागतात. इतक्या दिवसांत त्यांनी मला एकच प्रश्न विचारलाय: जाड की बारीक?

काकांनाही तोच विचारत होते. काका माझ्याकडे वळून वैद्याचा पत्ता ओरडत होते आणि अण्णांना न बघताच "हां, हां" म्हणाले. दोनदा विचारलं, दोनदा "हां". अण्णांनी खांदे उडवले आणि गहू ओतले. मला दिसत होतं काय पडतंय ते. मस्त रवाळ, लाडवाचं. मी अजिबात काही बोलले नाही.

डबा भरल्यावर काकांनी पिठात बोट घातलं आणि थबकले. "हे काय? चपातीचं पायजे होतं!" मग अण्णांकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी माझ्या पोराकडे पाहून म्हणाले, "ह्याच्या नादात राहिलं बघा."

निघताना त्यांनी माझा नंबर मागितला, वैद्याचा मेसेज पाठवायला. मी नवऱ्याचा दिला.

सकाळी नवऱ्याच्या फोनवर उगवता सूर्य, त्याखाली गुलाब, त्याखाली वेखंड आणि त्याखाली "दहा जणांना पाठवा". नवऱ्यानं लिहिलं, "काका, लाडू कधी?" ह्याचे त्याला मी पूर्ण गुण दिले आणि चहा टाकला. काकांनी उत्तर दिलेलं नाही. वेखंड मात्र आज पुन्हा आलंय, ह्या वेळी व्हिडिओसकट.