उभ्या रोबोची बॅटरी कोण खातो: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

वायरलेस जाळ्याला जोडलेल्या रोबोंच्या वीजबचतीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे: ‘सगळी वीज मोटारी खातात, वायफायचे चार थेंब वाचवून काय मिळणार? वावरात पाय न ठेवणाऱ्यांचे हे पुस्तकी खेळ आहेत. आलेख मोबाइलवर दिसत नाहीत, खर्चाचा हिशेब नाही, आणि सोलर पॅनल लावले की प्रश्नच मिटतो.’ आलेखांची तक्रार रास्त आहे. ते मोठे करून पुन्हा टाकले आहेत.

‘वावरात पाय न ठेवणारे’ हे शब्द मात्र मी सोडून देणार नाही. दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. डवऱ्यामागे चालत मी मोठा झालो, पदविका घेऊन गावी परतल्यावर पंपांचे स्टार्टर दुरुस्त करता करता या विषयाकडे वळलो, आणि माझा रोबो पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासांमधूनच फिरतो. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या पायांना माती लागली आहे की नाही हे ठरवण्याआधी त्याचा लेख निदान शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा गैर नसावी.

पावसानंतर काळ्या मातीत चाके रुतू लागली की मोटारीच सर्वाधिक वीज ओढतात, हे लेखात होतेच. पण पिकाचे फोटो काढून कीड पाहणारा रोबो दिवसातून थोडाच वेळ चालतो. उरलेला वेळ तो धुऱ्यावर (बांधावर) उभा असतो, आणि तेव्हा मोटारी काहीच खात नाहीत. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री 84 वॅट-अवर असतात. रोबोचा छोटा संगणक, रास्पबेरी पाय 4, नुसता सुरू ठेवला तरी सुमारे 3 वॅट घेतो, म्हणजे दिवसरात्रीत 72 वॅट-अवर. रेडिओचे, म्हणजे वायफायने माहिती पाठवण्या-घेण्याचे, काम करणारी ईएसपी32 चिप सतत वायफाय ऐकत राहिली, तर 3.3 व्होल्टवर साधारण 100 मिलिअँपिअर, म्हणजे आणखी 8. एक पाऊलही न टाकता बॅटरी जवळजवळ रिकामी! तीच चिप गाढ झोपेत 10 मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. उभ्या रोबोची ही वीज म्हणजेच आपले ‘चार थेंब’. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी 2005 साली पायोनिअर 3डीएक्स या रोबोची वीज मोजली, तेव्हा हालचालीचा वाटा सरासरी निम्म्याहून कमी निघाला. त्यांना आपण कोणत्या वावरात पाठवणार?

खरे तर आपल्या बाजूचा भक्कम मुद्दा वेगळाच होता, आणि तो आपण मांडलाच नाही. पऱ्हाटी कमरेएवढी झाली की ओल्या पानांतून जाताना 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल क्षीण होतो. वेग सेकंदाला 54 मेगाबिटवरून 6 वर घसरला, तर तोच फोटो पाठवायला रेडिओ सुमारे नऊपट वेळ चालतो. तरीही केवळ चांगल्या सिग्नलसाठी रोबोला राउटरकडे चालवत नेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, कारण 40 वॅट ओढणाऱ्या मोटारी 20 सेकंद चालल्या तर 800 ज्यूल जातात, आणि तेवढ्यात 0.8 वॅटचा रेडिओ 16 मिनिटांहून अधिक वेळ पाठवत राहू शकतो. म्हणून फोटो साठवावेत आणि नेहमीची फेरी राउटरजवळून जाईल तेव्हा एकदम पाठवावेत, हेच लेखात सांगितले होते.

खर्चाचा हिशेब हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सोलर पॅनलविषयी श्रावणाची झड लागल्यावर बोलू.